वखारबुवांच्या कपाळचं गंध

॥ श्री ॥

ट्रॉय, मिशिगन
गुरुवार, २ डिसेंबर २००४

ती. नीलावन्सं यांना कृष्णाचा इथूनच वाकून नमस्कार.

तुमचं पार्सल सोमवारी हाती आलं. पोच अशी: आमसुलं अर्धा किलो, कुळथाचं पीठ एक किलो, मेतकूट एक पिशवी, फुलवाती एक पुडा, लांब वाती एक पुडा, नव्या वर्षाचं कॅलेंडर एक. टपालखर्च तिकिटांवरून जुळवला, आठशे बारा रुपये. आतल्या मालापेक्षा वरची तिकिटं महाग! वन्सं, तेवढ्यात तुमच्या दुधाचं बिल भागलं असतं. पीठ चाळून घेतलं, किडा नाही. मेतकुटाच्या पिशवीला भोक पडून थोडं सांडलं, ते नेमकं कॅलेंडरच्या फेब्रुवारीवर. झटकलं, तरी महिना पिवळा झालाय आणि वास येतो. आमसुलं थोडी लगेच खर्ची पडली. ती कुणासाठी, ते पुढे येईल.

चिठ्ठी मात्र नव्हती. कॅलेंडरचं पान न पान उलटलं, वातींचे पुडेसुद्धा सोडून पाहिले. फोन केला की तुम्ही "राँग नंबर" म्हणून ठेवता. तो राँग नंबरवाला आवाज मी लग्न होऊन घरात आले तेव्हापासून ओळखते. म्हणून हे पत्र. पत्र फार तर फाडता येतं, आणि तुम्ही कागद फाडणाऱ्यांतल्या नाही. पाठकोऱ्या कागदांवर अख्ख्या चौथीला गुणाकार शिकवलेत तुम्ही.

इथे सगळी बरी आहेत. बर्फ सुरू झालंय. केया सात वर्षांची झाली; मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून. माझ्याबरोबर शुभं करोति म्हणते आणि शेवटी "डन, आजी!" म्हणून पळते. सूनबाई राधिका नागपूरची, तिखट खाते आणि तिखट बोलते, पण पोटात काही ठेवत नाही. निमिषचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय, पुढचं अजून नक्की नाही. घराचा हप्ता आहे. मी दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवते म्हणून तो मला हसायचा. हल्ली हसत नाही.

देवांचं व्यवस्थित आहे. स्वयंपाकघरालगतच्या एका कपाटाचं दार काढून त्यात मांडलेत. बाजूच्या भिंतीवर वखारबुवा.

आता नाव लिहिलंच आहे, तर त्यांचंच लिहिते.

ऑगस्टात केयाचा चेंडू लागून बुवांची काच तडकली. फ्रेमवाल्याकडे नेलं. त्यानं मागचा पुठ्ठा सोडवला, चित्र पाहिलं आणि हात मागे घेतले. "हे मी करणार नाही, आधी म्युझियमला दाखवा," म्हणाला. मग राधिकानं इथल्या एका मोठ्या म्युझियममधल्या बाईंची वेळ घेतली. बाई फार सभ्य. त्यांनी कागद उजेडासमोर धरला तर त्यात नोटेत असते तशी आतली छाप दिसली, मुकुट आणि शिंग. एवढी वर्षं आपण बुवांना पाहिलं, त्यांच्या अंगात मुकुट आहे हे कळलं नाही. चित्र हॉलंडचंच निघालं, शिवाजी महाराजांच्या काळातलं. खालचा डावा कोपरा कसरीनं खाल्लाय, तिथे म्हणे जुन्या मालकाचा शिक्का असतो. सावंतवाडीच्या फ्रेमवाल्यानं मैद्याची लई लावून पुठ्ठ्याला चिकटवलं होतं, ती लई कसरीला गोड लागली.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्याआधी हे कुणाकडे होतं? त्यांच्याआधी? आणि लढाईच्या वर्षांत?" हिटलरच्या वेळी ज्यू लोकांच्या घरांतून चित्रं लुबाडली होती, म्हणून इथे आता पुरती साखळी जुळल्याशिवाय कोणी चित्राला हात लावत नाही. आपल्याकडे जमिनीला सातबारा असतो ना, तसा चित्रालाही असतो, एवढं मी त्यातून समजले.

निमिषनं वखार सांगितली. सुरेख सांगितली हो, अगदी ह्यांच्यासारखी. वेंगुर्ल्याची डच वखार, गलबतं, समुद्र. ती गोष्ट कशी जन्मली ते तुम्हाला ठाऊक आहे. ते पुण्याचे प्राध्यापक आपल्या ओटीवर पोहे खाता खाता म्हणाले, "हे तर डच वाटतं." हॉलंडचं चित्र, हॉलंडची वखार, दोन्ही एकाच गावात, गाठ कुणीही मारली असती. त्यात हे इतिहासाचे मास्तर. दर वर्षी सहावीच्या वर्गाला ती गोष्ट सांगू लागले, आणि तोवर ज्यांना घरात नुसतं 'आजोबा' म्हणत, त्यांचे वखारबुवा झाले.

पण महिनाभरानं म्युझियमच्या बाईंनी एक पुस्तक दाखवलं, लढाईपूर्वी ॲमस्टरडॅमला छापलेलं. त्यात आपले बुवा! तीच दाढी, तेच जोडलेले हात, पुढ्यात तोच वाडगा. खाली एका घराण्याचं नाव. फरक एकच, पुस्तकातल्या बुवांचं कपाळ स्वच्छ आणि आपल्यांच्या कपाळावर पिवळट डाग.

निमिष म्हणाला, "म्हणजे ही दुसरी प्रत. त्यांची वेगळी, आमची वेगळी." बाई म्हणाल्या, "शक्य आहे, चित्रकार कधीकधी एकच चित्र दोनदा काढत." आणि दुसरी प्रत असेल, तीही वखारीतून आलेली, तर सातबारा तीनशे वर्षं कोरा करकरीत. मग म्युझियम ते घेईल. निमिषला काही वर्षं हप्त्याची काळजी नको, एवढी रक्कम.

वन्सं, तो डाग! कसला आहे ते त्याला ठाऊक नव्हतं? शाळेत जायच्या आधी सहाणेवर चंदन उगाळून ज्याची बोटं सुरकुतायची, त्याला? मी त्याच्याकडे पाहिलं, तो पुस्तकाकडे पाहत राहिला. मुलाला चारचौघांत खोटं पाडायला आईची जीभ लगेच उठत नाही.

इथल्या रिवाजाप्रमाणे बाईंनी त्या घराण्यात कोण उरलंय त्यालाही कळवलं. एकच उरलाय. काल बुधवारी तो बाईंबरोबर आपल्याकडे आला.

लेओ त्याचं नाव. हे असते तर त्यांच्याच वयाचा, पंचाहत्तरीचा. उंच, वाकलेला, हातात काठी. दारात कुणी न सांगता बूट काढले. बुवांसमोर गेला, टोपी काढली आणि त्याच्या भाषेत त्यांच्याशी काहीतरी बोलला. केया मला कानात म्हणाली, "आजी, ही इज टॉकिंग टू बुवा, लाइक यू."

मग त्यानं सावकाश, मला कळेल अशा इंग्रजीत विचारलं, "हा तुमच्याकडे कुठून आला?"

निमिष पुढे झाला. "डच वखारीतून, सर. तीनशे वर्षं आमच्याच गावात आहे."

"असेल," तो म्हणाला. "आमचा तर माझ्या आईबरोबर बुडाला."

त्याची आई डॉक्टर होती. लढाई सुरू व्हायच्या आधी तिनं ह्याला मामाकडे इंग्लंडला पाठवलं, आणि स्वतःला हिंदुस्थानात मिशन दवाखान्यात काम मिळालं म्हणून ती तिकडे गेली. घरातून निघताना जेवणघराच्या भिंतीवरचं एवढं एकच चित्र बरोबर घेतलं. बेचाळीस साली तिला इंग्लंडच्या बोटीत जागा मिळाली. बोट पोचलीच नाही. लढाईनंतर हरवलेल्या वस्तूंची यादी करून द्यायची होती, त्यात ह्यानं लिहिलं, 'प्रार्थना करणारा म्हातारा, समुद्रात गेला.'

तो बुवांच्या कपाळाकडे बोट करून म्हणाला, "शिवाय आमच्याला हे नव्हतं." आणि टोपी घालायला लागला.

माझ्या हातात पाण्याचं तांब्याभांडं होतं. डॉक्टर. मिशन दवाखाना. मी विचारलं, "कुठलं गाव?" त्याला नाव ठाऊक नव्हतं. लढाईत पत्रांतली गावांची नावं कापून टाकत. समुद्राकाठचं गाव, एवढंच आईनं लिहिलेलं.

"आईचं नाव?"

"रोझा."

मी म्हटलं, "सिट. ईट. देन गो." आमचं मॅट्रिकचं इंग्रजी, त्यात आर्जवं बसत नाहीत.

"आई, प्लीज," निमिष म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये कुठे? आतापर्यंत कडेलाच उभी होते," मी म्हटलं. आणि त्या म्हाताऱ्याला म्हटलं, "धिस इज सँडलवुड. माय मदर-इन-लॉ पुट. आय पुट." मग निमिषकडे बोट केलं. "ही पुट."

पुढचं राधिकानं समजावलं. काच बसायच्या आधी सासूबाई उघड्या कागदावरच गंध लावत होत्या, तेच आत मुरलंय. आपण त्यांना कुणी साधुपुरुष समजलो, जोडलेले हात पाहून ध्यानस्थ समजलो, पुढ्यातला वाडगा भिक्षेचा समजलो आणि दर गुरुवारी गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. हे सगळं सांगताना मला वाटलं, हा आता रागावणार.

तो हसला. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. म्हणाला, "तो वाडगा सूपचा आहे. म्हातारा जेवणाआधीची प्रार्थना म्हणतोय. आमच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या उपाशीच बसला. तुम्ही त्याला खायला घातलंत."

मग मी वाढलं. मऊ भात, तूप, आणि तुमच्या आमसुलांचं सार. सार त्यानं वाडगा तोंडाला लावून प्यायलं, परत मागितलं. म्युझियमच्या बाईंनीही घेतलं, पण चमच्यानं.

जेवण झाल्यावर मी सासूबाईंचं सांगितलं. शेवटच्या दुखण्यात एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "रोझाबाई म्हणून डॉक्टरीण होती मिशन दवाखान्यात. जाताना तिनं ह्यांच्याकडे दिलं ते चित्र. ह्यांनी देवाजवळ टांगलं, तिथल्या वस्तूला कुणी हात लावत नाही म्हणून. आता देवाजवळ आहे म्हटल्यावर मी गंध लावलं. ह्यांनी पाहिलं, बोलले काही नाहीत." मामंजी दवाखान्यात कंपाउंडर, तेव्हा डॉक्टरणीनं काही दिलं तर त्यात नवल नव्हतं. मी ते भेट म्हणून डोक्यात ठेवलं, आणि पुढे वखारीची गोष्ट इतकी रुळली की तेही विसरले.

बाईंनी लगेच विचारलं, "दिलं म्हणजे काय? भेट दिलं, की सांभाळायला दिलं?"

ह्यावर मी काय सांगणार? हे माझं ऐकलेलं. त्यांना पाहिलेलं हवंय. तेव्हा हे शाळेसाठी सावंतवाडीला होते. मामंजी नाहीत, सासूबाई नाहीत. पण सासूबाई आणखी एक वाक्य बोलल्या होत्या: "नीली होती तिथे, ओटीवर सागरगोटे खेळत."

तर वन्सं, ही गोष्ट. आता जे लिहायचं पुढे ढकलत होते, ते लिहिते.

हे गेल्यावर मी देव बांधले, त्यात बुवांनाही घेतलं, तुम्हाला न विचारता. टॅक्सी दारात उभी होती. तुम्ही भिंतीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "उद्या कोणी मागायला आलं तर त्याला काय दाखवू? रिकामा खिळा?" मी म्हटलं, "देव मागायला कोण येतंय वन्सं?" तुम्ही आत निघून गेलात, ते आजपर्यंत. दोन वर्षं मी हेच धरून चालले की तुम्हाला तुमचा वाटा हवा होता. इथे दोघी-तिघींना तसं बोललेही.

आज सकाळी चंदन उगाळता उगाळता ते वाक्य पुन्हा आठवलं, आणि हात थांबला. मग एकेक करून सगळंच आठवायला लागलं. हेडबाईंची जागा कुडाळला मिळत होती, ती तुम्ही नाकारलीत. निमिषनं दोनदा तिकीट काढतो म्हटलं, "घर बंद ठेवायचं नाही, कोणी आलं तर?" म्हणालात. दुपारी झोपतानासुद्धा पुढचं दार लोटून घ्यायच्या, कडी कधी नाही. मी थट्टा करायचे, "कोण येणार आहे, कलेक्टर?" आणि तुम्ही म्हणायच्या, "येईल कोणीतरी."

का बोलला नाहीत ते मी विचारणार नाही. मामंजींनी बोलू नकोस म्हणून बजावलं असेल. नंतर आई रोज ज्याला हात जोडते, त्याला हा देव नाही म्हणायला कुठल्या पोरीला धीर होईल? आणि मोठा भाऊ वर्गात वखार शिकवतोय, त्याला कोण अडवणार? तुमच्या जागी मी असते तर मीही दार लोटून वाट पाहिली असती. एवढी वर्षं जमली असती की नाही, ते मात्र सांगवत नाही.

आता काय करायचं ते मी ठरवलंय, आणि त्यात मला शंका नाही.

तुम्ही तेव्हा जे पाहिलंत, ऐकलंत, ते तुमच्या हातानं लिहा, खाली सही, तारीख. मी वर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, त्यावरून काही लिहू नका. तिनं भेट म्हणून दिलं असेल तर भेट लिहा, सांभाळायला दिलं असेल तर तसं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणून लिहा. जे असेल ते मी मान्य करीन, निमिषही करील. न करून सांगतो कोणाला.

काल ती माणसं गेल्यावर तो मला म्हणाला, "आई, तू चित्र देऊन टाकलंस." मी म्हटलं, "आपलं असेल तर कुठे जात नाही. त्याचं असेल तर मी दिलं काय नि न दिलं काय." मग तो बोलला नाही. राधिका म्हणाली, "बोलेल आई, पोटात भूक लागली की बोलेल." वाईट नाहीये तो, वन्सं. डोक्यावर हप्ता घेऊन झोपतो, त्यामुळे त्याला वखार खरी वाटायला लागली. कॉन्ट्रॅक्ट जाईल, दुसरं येईल. आपण कुळथाच्या पिठल्यावर महिने काढलेली माणसं, आणि पीठ तर आलंच आहे.

लेओला मी सांगितलंय की चित्र भिंतीवरून मी उतरवणार नाही. मला तो अधिकार नाही. "ज्यांच्याकडे मागायचं त्या वेंगुर्ल्याला आहेत," म्हटलं. त्यानं विचारलं, "त्या मला ओळखतील कशा?" मी म्हटलं, "टोपी काढा आणि आईचं नाव सांगा."

तो फेब्रुवारीत येतो म्हणतोय. कॅलेंडरवर बघा, मेतकूट पडलेला महिना. आई जिथे राहिली ते गाव, तो दवाखाना आणि तो खिळा त्याला पाहायचाय. तिखट चालत नाही. सार चालतं. ओटीची पायरी त्याला उंच होईल, खाली एक चिरा टाकून घ्या. तुम्ही 'द्या' म्हणालात तर त्याच दिवशी इथे मी बुवांना उतरवून, कापडात गुंडाळून त्याच्या नावानं ठेवीन. म्युझियमच्या बाई म्हणाल्या कपाळावरचा डाग काढता येईल. लेओ म्हणाला, "नको, राहू दे."

आज गुरुवार. मघाशी गंध हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. लावावं की नाही? मग लावलं, म्युझियमनं बसवून दिलेल्या नव्या काचेवर. आपल्या घरात आहेत तोवर आपल्या रीतीनं.

हे पत्र निमिषच टपालात टाकणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाचलंन तर वाचू दे.

तब्येतीला जपा. खिळा तुम्ही काढलेला नसणार हे मला ठाऊक आहे, आणि दाराला कडीही लावली नसणार. जिची वाट पाहिलीत ती येणार नाही, तिचा मुलगा येतोय. त्याला दारात काय सांगाल, ते मला आधी दोन ओळींत उलट टपाली कळवा. राँग नंबर एवढं सोडून काहीही लिहा.

तुमची भावजय,
कृष्णा